तळची डाळ

(सोमीमावशी आमच्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. पाचवी ते आठवी मी त्यांच्या हातचं जेवले. कॉलेजात एका कष्टकरी माणसाचं आयुष्य ऐकून लिहून काढायला सांगितलं, तेव्हा मला दुसरं कोणी सुचलं नाही. बाजाराच्या दिवशी जव्हारच्या ज्या हॉटेलात त्या जेवतात तिथेच त्यांनी मला बोलावलं आणि जेवता जेवता सांगितलं. त्या बोलल्या तसंच लिहायचा प्रयत्न केला आहे. काही शब्द माझ्या हातून सुटले असतील.)

मी सोमवारी झाले म्हणून सोमी. तारीख मास्तरांनी लावली ती लावली, खरी कोणाला माहीत नाय. आमचा पाडा खोडाळ्याच्या अलीकडं, रस्ता सोडून खाली उतरायचं, ओहोळ ओलांडायचा, की आमची घरं. जमीन नाय. बा दुसऱ्याच्या खाचरात राबायचा, आयस लोकांची नागली खुरपायची, आणि दिवाळी झाली की अख्खा पाडा जगायला जायचा. तुला सांगायला नको बाय, तुझे आयबाप पण गेलेच असतील. बाहेरचा माणूस या शब्दाला हसतो, म्हणतो जगायला जाता मंग इथं काय करता, पण आमी तसंच म्हणतो, जगायला गेलो, जगून आलो.

तर भिवंडीकडं विटांच्या भट्टीवर आमी तीन घरं एका झापात, पेंढ्याच्या झोपडीत, राहायचो आणि तिघांचं एकाच टोपात शिजायचं. शिजवायची माझी आयस. काय असायचं, उडदाची डाळ आणि भात, कधी सुकट. पण मला काय आठवतं सांगू, आयस वाढायच्या आधी डाव टोपाच्या तळापर्यंत घालायची आणि तीनदा ढवळायची. रोज. भूक लागून आमी पोरं रडायला आलेलो असायचो आणि ही आपली ढवळत बसायची. मी एकदा चिडून म्हटलं, आये वाढ ना लवकर, काय घुसळत बसलीस, तर म्हणाली, तीन घरचं शिजतंय, कोणाच्या ताटात नुसतं पाणी जायला नको. एवढंच. तिला मोजता येत नव्हतं, अंगठा लावायची, पण तिच्या टोपावरून तीन घरांत कधी भांडण झालं नाय.

हे मी का सांगते ते तुला पुढं कळंल. तू लिही.

लग्न होऊन मी साखरशेतकडं आले. तिथंही जमीन नाय, म्हंजे घर बदललं, बाकी काय बदललं नाय. माझा घरवाला रेतीला जायचा, खाडीत बुडी मारून बादलीनं रेती काढायची, दिवसभर पाण्यात. स्वभावानं चांगला होता, दारू पिऊन मारणारा नव्हता, प्यायला की गाणी म्हणायचा. त्याची छाती गेली. खोकता खोकता एका पावसात गेला. विलास तेव्हा तीन वर्षांचा, माझा एकुलता एक. त्याला बाप आठवत नाय. मला पण आता त्याचं तोंड नीट आठवत नाय बघ, गाणी आठवतात.

मंग मी आश्रमशाळेत लागले. लागले म्हंजे रोजंदारीवर. कायम झाले नाय ती नायच, एवढी वर्षं. मला स्वयंपाकघरात घेतलं ते आंगानं धडधाकट होते म्हणून, तो टोप तू बघितलाय ना, त्यात मी मांडी घालून बसले असते. सगळ्यांत मोठी मावशी होती सुंदराबाई, तिनं मला पहिल्याच दिवशी शिकवलं. मी आपली आयससारखी डाव तळाला घालून ढवळायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, सोमे, तीनशे पोरं हायत, तीनशे वेळा ढवळायला हात कुठून आणशील? वरून काढत जा. लहान पोरं रांगेत पुढं असतात, त्यांची पोटं लहान, त्यांना वरचं चालतं. तळाला बसलेली डाळ राहते ती मोठ्या पोरांना, ती शेवटी येतात. एक वगराळं डाळ, ते पण भरून नाय, आणि पुढं चल म्हणायचं. पुढं चल म्हटलं नाय तर पोर हलत नाय.

तर मी तसं शिकले. वगराळं तुला माहीत हाय, खोल डाव, लांब दांड्याचा. सहा महिन्यांत माझा हात असा बसला की डोळे मिटून मी तेवढीच डाळ काढायची, थेंब इकडं नाय की तिकडं नाय. शेवटच्या पोरापर्यंत पुरलं पाहिजे, हे एकच डोक्यात. आणि पुरायचं. एवढ्या वर्षांत माझ्या रांगेतलं पोर डाळीवाचून राहिलं असं कधी झालं नाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पण पोरं हुशार असतात. पुढची पोरं मान वाकडी करून टोपात बघायची आणि हळूच म्हणायची, मावशी, खालून दे ना. ऐकलं नाय असं करायचं. पुढं चल.

माझा विलास त्याच शाळेत. मी कोठीशेजारच्या खोलीत झोपायची, तो पोरांच्या हॉलात. मी त्याला सांगून ठेवलेलं, रांगेत मला आये म्हणायचं नाय, सगळी पोरं म्हणतात तसं मावशी म्हणायचं. तो म्हणायचा. पहिलीतलं पोर, एवढंसं, ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून यायचं आणि मावशी म्हणायचं, आणि सुंदराबाई पदर तोंडाला लावून हसायची. म्हणायची, अगं सोमे, तुझा भाचा आला बघ.

आता खरं सांगते. पहिली काही वर्षं मी त्याला खालून वाढायची. कोणाच्या ध्यानात येणार नाय असा मनगटाला एक झोका द्यायचा, वगराळं जरा खोल जातं, डाळ जाड येते. आयच ना मी. पण पोरांच्या नजरेतून काय सुटत नाय. मोठी पोरं त्याला चिडवायला लागली, तळाचा विल्या, तळाचा विल्या. मंग ते वर गेलं. अधीक्षक सर होते तेव्हाचे, ओरडले नाय, शांतपणे म्हणाले, मावशी, रोजंदारीला बायका फाटकाबाहेर उभ्या असतात, तुम्ही बघता ना. बस, एवढंच बोलले. त्या रात्री मला घास गेला नाय.

दुसऱ्या दिवसापासून मी विलासला वरून वाढलं. सगळ्यांना वाढते तेवढं पण नाय, त्याच्याहून जरा कमी, म्हंजे कोणी बघितलं तर बोट दाखवायला नको. आणि त्याच्याकडं बघायचं सोडलं. त्याचं ताट आलं की मी टोपात बघायची. ताट ओळखायची मी, कडेला चेपलेलं होतं. चेपलेलं ताट आलं की अर्धं वगराळं. सातवी-आठवीत त्याला शेवटच्या रांगेत उभं राहता आलं असतं, मोठी पोरं राहायची, पण तो कधी राहिला नाय.

सहावीत असताना त्याला ताप आला होता. चार दिवस काय खाल्लं नाय, मी पेज करून हॉलात पाठवायची, मला जाता यायचं नाय, कामच एवढं. पाचव्या दिवशी तो रांगेत आला. मी टोपात बघत होते. चेपलेलं ताट पुढं आलं आणि ते हलत होतं, अंगात ताकद नव्हती ना पोराच्या. आणि तो म्हणाला, आये, खालून दे ना.

आये म्हणाला. रांगेत. सगळ्यांच्या देखत. एवढ्या वर्षांत एकदाच.

आणि मी म्हटलं, पुढं चल.

मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. अर्धं वगराळं, वरचं. तो पुढं गेला. त्यानंतर त्यानं माझ्याकडं काय मागितलं नाय. सुट्टीत घरी आलो तरी नाय. मी वाढीन तेवढं खायचा, ताट पुसून ठेवायचा. भाकर आणखी देऊ का म्हटलं तर पुरं. एवढाच शब्द, पुरं.

थांब जरा, ताक आणते. गुडघे बोलतात आता उठताना. नाय नाय, तू बस, इथं आपलं आपण आणायचं असतं.

तर विलास शिकला. बारावी झाला, वसईला कंपनीत लागला, पॅकिंगचं काम, मंग सुपरवायझर का काय झाला. लग्न केलं, पोरगी तिकडचीच, चांगली हाय, मला नमस्कार करते फोनवर. एक नात हाय मला. त्याच्या लग्नात कोणीतरी म्हणालं, तुझी आय शाळेत सगळ्यांना जेवायला घालायची ना, तर तो हसून म्हणाला, हो, आमची आय सगळ्यांना सारखं वाढायची. लोक म्हणाले वा वा. मी मान खाली घालून अक्षता वेचत होते.

मंग आपल्या शाळेतली चूल पण बंद झाली. तू तोवर गेली होतीस. मोठ्या किचनातून गाडी यायला लागली, डबे बंद करून, गरम गरम. चांगलं असतं म्हणतात पोरं. चांगलं असू दे. मला सांगितलं, मावशी आता काम नाय. मी घरी आले साखरशेतला आणि चूल पेटवली आणि मला कळंना किती तांदूळ घ्यायचे. हसू नको. तीनशे पोरांचा भात मला डोळे मिटून येतो, एका माणसाचा भात शिजवायला मला येत नाय. मूठभर घेतले तर वाटायचं हे काय, देवाला ठेवतात तसं. दोन मुठी घेतल्या तर उरायचं. पहिलं वर्षभर माझ्या कोंबड्या अशा माजल्या की शेजारीण म्हणाली, सोमे, तुझी कोंबडी हाय का बकरी? मंग मी रोज शिजवणंच सोडलं. एकदा भाकरी करायची, दोन दिवस खायची. कोणाला काय फरक पडतो.

आता या हॉटेलाचं सांगते. मी डोळ्यांचं औषध आणायला जव्हारला आले होते, कुटीर रुग्णालयात. परत जाताना गाडीला वेळ होता, भूक लागली होती. पाटीवर पोटभर लिहिलेलं तेवढं मला वाचता आलं. ही शिरपामाळ बघायला येणारी माणसं थांबतात ना, त्यांच्यासाठी निघालंय हे, पण आपली पण माणसं येतात, स्वस्त हाय. आत आले तर इथं हे असं, भिंतीला टेबल, त्याच्यावर झाकणाच्या पेट्या, खाली गरम पाणी, डाळ, भात, मटकी, बटाटा, टोपलीत नागलीच्या भाकरी. आणि टेबलामागं कोणी नाय. माणसं ताट घेऊन उभी आणि वाढायला कोणी नाय.

काय सांगू बाय तुला, माझ्या पायांनी मला विचारलं पण नाय. मी सरळ टेबलाच्या मागं गेले, पदर खोचला, पेटीचं झाकण काढलं आणि डाव हातात घेतला. मला वाटलं वाढणारी बाई लघवीला-बिघवीला गेली असेल, माणसं खोळंबलीत. पुढं एक मुंबईची बाई होती, गॉगल डोक्यावर. तिनं ताट पुढं केलं. मी अर्धा डाव वाढला. वरून. ती म्हणाली, मौसी, थोडा और दो ना. आणि मी म्हटलं, पुढं चल.

अगं, तिचं तोंड बघायला पाहिजे होतं! तिच्या मागच्या माणसाला पण मी तसंच वाढलं, त्याच्या मागच्याला पण. कोणी काय बोलंना, माझा हात बघून सगळ्यांना वाटलं हीच असते इथं. सातआठ ताटं झाल्यावर तो हॉटेलवाला भाऊ गल्ल्यावरून धावत आला. म्हणाला, मावशी, तुम्ही कोण? मी म्हटलं, सोमी. तो म्हणाला, अहो इथं कोणी वाढत नाय, ज्यानं त्यानं हातानं घ्यायचं, हवं तेवढं. मी म्हटलं, हवं तेवढं म्हंजे किती? तो म्हणाला, हवं तेवढं म्हंजे हवं तेवढं. मी म्हटलं, मंग मागच्यांना पुरतं का? तो हसायलाच लागला. म्हणाला, मावशी, संपलं तर आतून अजून येतं.

संपलं तर अजून येतं. मी डाव ठेवला आणि टेबलामागून बाहेर आले.

मंग मी ताट घेतलं. पुढं सरकले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी रांगेच्या या बाजूला, ताट घेऊन. डाव तळापर्यंत घातला आणि डाळ काढली, जाड, दाण्यांची. कोणी काय म्हटलं नाय. त्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, एकटीच, आणि पहिला घास घेतला आणि मला विलास आठवला. त्याला एकदा इथं आणायचं. त्याचं ताट त्याच्या हातात, डाव त्याच्या हातात, आणि मागून पुढं चल म्हणणारं कोणी नाय. आणि तो खाली बसून पोटभर जेवला की त्याला सांगायचं, त्या दिवशी मी असं का केलं ते. एवढंच डोक्यात बसलं. दुसरं काय नको.

फोनवर सांगितलं. तो म्हणाला, येतो ना आये. मंग शिफ्ट आली. मंग पोरीची परीक्षा. मंग सासऱ्यांचं ऑपरेशन. मी रागावले नाय, तिकडचं जगणंच तसं, माणूस आला तरी अर्धा तिकडंच असतो. मी बाजाराच्या दिवशी येत राहिले. हॉटेलवाला ओळखायला लागला, म्हणायचा, काय मावशी, आज वाढायला का जेवायला? मी म्हणायची, पोरगा येणार हाय माझा, त्याला बघून ठेवते. तो म्हणायचा, आणा आणा. सहा महिने गेल्यावर म्हणायला लागला, मावशी, पोरगा हाय ना खरंच? मस्करी करायचा, वाईट नाय तो.

मंग गेल्या उन्हाळ्यात विलासला नातीच्या शाळेसाठी दाखला पाहिजे होता, तहसीलमध्ये यावं लागणार होतं. म्हणाला, आये, तू जव्हारलाच ये, मला साडेतीनची गाडी परत. मी सकाळीच येऊन बसले. नवं लुगडं नेसले होते. तो आला, पोट सुटलंय जरा, केस मागं गेलेत, बापासारखा दिसायला लागलाय, म्हणून तर मला बापाचं तोंड थोडं आठवलं. मी त्याला घेऊन इथं आले. हॉटेलवाल्याला म्हटलं, हा बघ. तो उभा राहिला गल्ल्यावर, म्हणाला, अरे वा, साहेब, तुमची फार वाट बघितली आम्ही.

ताट घेतलं त्यानं. मी मुद्दाम मागं राहिले, त्याचं त्याला घेऊ दे. फोन एका हातात, ताट एका हातात. डाळीच्या पेटीपाशी आला, फोन खिशात टाकला, झाकण उचललं, डाव घातला.

वरून घेतलं बाय त्यानं. अर्धा डाव, वरचं पाणी. आणि लगेच पुढं सरकला. मागं कोणी नव्हतं, मी एकटी होते, तरी घाईनं पुढं सरकला. जराशी भाजी, एक भाकर, मूठभर भात. माझ्याकडं वळून म्हणाला, पुरं.

मला काय झालं मला माहीत नाय. मी त्याच्या हातातलं ताट ओढलं, डाव तळाला घातला आणि वाढत सुटले, दोन, तीन, चार, भातावर डाळ, डाळीवर भात, भाकरी, मटकी, सगळं एकावर एक. तो म्हणतोय, आये, आये काय करतेस, लोक बघतात. बघू दे. एवढ्या वर्षांचं मी एका ताटात वाढत होते असं वाटतं आता. तेव्हा काय कळत नव्हतं, हात चालत होता.

बसलो टेबलाशी. त्यानं स्वतः पहिलं घेतलं होतं तेवढंच कडेकडेनं खाल्लं. म्हणाला, मला ॲसिडिटी हाय, डॉक्टरनं जास्त खाऊ नको म्हटलंय. मी म्हटलं, बरं. मंग धीर केला. म्हटलं, विलास, सहावीत तुला ताप आला होता, चार दिवस, तू रांगेत आलास, तुला आठवतं? तो म्हणाला, कुठला ताप? मी म्हटलं, तू मला आये म्हणालास. खालून दे म्हणालास. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, बघत राहिला तुकड्याकडं. म्हणाला, नाय आये, मला नाय आठवत.

फोन वाजला, बोलला. मंग म्हणाला, गाडी चुकंल. हात धुतला, माझ्या पाया पडला, तब्येतीला जप म्हणाला, पैसे पण तोच देऊन गेला. मी दारापर्यंत गेले. तो कोपऱ्यावरून वळला, मी हात केला, त्यानं बघितला का नाय माहीत नाय.

आता तूच सांग, तू शिकलेली हायस. त्याला खरंच आठवत नसंल, तर मी हे एवढी वर्षं एकटीच का उरावर घेऊन बसले? आणि आठवत असंल आणि मला बरं वाटावं म्हणून नाय म्हणाला असंल, तर मंग माझ्याशी कधी बोलणार? तोंडानं तो नाय म्हणाला. पण त्याच्या हातानं डाव कसा धरला ते मी बघितलं ना. तो माझाच हात होता.

मी परत टेबलाशी आले. त्याचं ताट तसंच होतं, डोंगर. भिंतीवर लिहिलंय ते मी हॉटेलवाल्याकडून वाचून घेतलंय, हवं तेवढं घ्या, ताटात टाकू नका. मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि त्याचं उष्टं खायला सुरुवात केली. सगळं खाल्लं. थंड झालं होतं. घासाघासाला पाणी घेत खाल्लं. आय पोराचं उष्टं खाते त्यात काय, सगळ्या आया खातात, पण मी कधी खाल्लं नव्हतं, त्याच्या ताटात कधी काय उरलेलंच नव्हतं. चार वाजले, माणसं उठून गेली, पोछा मारायला लागले. हॉटेलवाला आला, मला वाटलं ऊठ म्हणंल. तो म्हणाला, सावकाश मावशी. आणि पंखा चालू ठेवला माझ्यापुरता.

आता काय, येते मी बाजाराच्या दिवशी. विलासचा फोन येतो रविवारी, जेवलीस का, मी म्हणते जेवले, तू जेवलास का, तो म्हणतो जेवलो. झालं बोलणं. वाईट नाय काय. त्याच्या पोरीला खालून वाढा एवढं म्हणावंसं वाटतं, पण सून म्हणंल ही काय बोलते. देव त्याचं सगळं चांगलं करो, गाडीघोड्यावर जपो. माझं एकच काम राहिलंय इथं, मी जेवायला घ्यायच्या आधी डाळ ढवळते, तळापासून, तीनदा. मागची माणसं चुळबुळ करतात, एकदा एक जण म्हणाला, आजी, लस्सी करताय का? करू दे. कोणाच्या ताटात नुसतं पाणी जायला नको.

आणि हे काय? किती वेळ मी माझंच सांगत बसले, तुझ्या ताटाकडं बघितलंच नाय. थांब, लिहू नको, दाखव इकडं. अगं, वरचं पाणी घेतलंस तू पण. अर्धा डाव. चार वर्षं माझ्या रांगेत होतीस ना तू.

नाय, मला काय बोलू नको, पुरं म्हणू नको. ठेव ती वही. ऊठ. जा, पेटीपाशी जा, डाव तळाला घाल, तीनदा ढवळ आणि भरून घे. मागं कोण असंल त्याला उभं राहू दे. मी इथं बसलेय, मला गाडीची घाई नाय. जा बाय.